शून्याचं खूळ

ऐकलंत का? गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या तिरोड्याचं नाव थेट दिल्लीत निघालं. नाव निघण्याला माझी हरकत नाही, पण ज्या कारणासाठी निघालं ते ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. ११ डिसेंबर २०२४ ची गोष्ट. विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते राष्ट्रीय पंचायत पुरस्कार वाटले गेले. शाश्वत विकासासाठी नानाजी देशमुखांच्या नावाने जो पुरस्कार देतात, त्यात देशभरातल्या पंचायत समित्यांत तिरोडा अव्वल! आणि त्याच मांडवात शेजारच्या भंडारा जिल्ह्यातलं बेला गाव 'कार्बन न्यूट्रल' पंचायतीचं बक्षीस घेऊन मोकळं झालं.

आता ज्याने तिरोडा पाहिलंच नाही, त्याला यात वावगं काय दिसणार? पण तुमसर-गोंदिया रस्त्याने एकदा तरी गेलेल्या माणसाला विचारा, तिरोडा जवळ आलं हे कशावरून ओळखता. तो सांगेल, चिमण्यांवरून. अदानी समूहाचा ३३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आमच्याच एमआयडीसीत उभा आहे. ६६० मेगावॅटचा एक, असे पाच संच. कोळसा आगगाडीने येतो, पाणी वैनगंगेचं, आणि वीज ७६५ किलोव्होल्टच्या तारांवरून पार मराठवाड्याकडे निघून जाते. शिव शिव! ज्या तालुक्यात एवढी मोठी भट्टी, त्यालाच शाश्वततेचा मुकुट? बक्षीस पंचायत समितीच्या कामाचं आहे, पाणी, आरोग्य, शाळा, महिला असं सगळं धरून. चिमणीचा त्यात हिशोबच नाही, हे मला कळतं. पण चव्हाट्यावर बसून एवढं बारीक बघायचं ठरवलं तर बोलायचं काय?

तर सांगत होते ते शून्याच्या या खुळाबद्दल. 'नेट झिरो', 'कार्बन न्यूट्रल' (म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढा शोषून हिशोब शून्यावर आणणं), 'हरित' हे शब्द आता बोदलकशापर्यंत पोचलेत. बोदलकसा म्हणजे तिरोडा तालुक्यातला, नागझिऱ्याच्या जंगलाला खेटून असलेला तलाव. भागदेवगोटी नदीवर १९१७ साली मातीचं धरण घातलं, पाणी साठलं, कालव्यातून उताराने धानाच्या बांधीत गेलं. पंप नाही, मोटार नाही, युनिट नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ हा तलाव विजेविना सिंचन करतो आहे आणि त्याला कुणी साधं प्रमाणपत्रसुद्धा दिलेलं नाही. आणि हल्ली नागपूरहून एसी लावून आलेले पाहुणे हिवाळी पक्ष्यांकडे दुर्बीण लावायच्या आधी विचारतात, "इथलं पर्यटन सस्टेनेबल आहे ना?" पलीकडे नागझिऱ्याच्या आतल्या विश्रामगृहात तर वर्षानुवर्षं विजेची तार पोचली नव्हती. व्यंकटेश माडगूळकर तिथे राहून 'नागझिरा' लिहून गेले, तेव्हा त्यांना आपण कार्बनमुक्त लेखन करतोय हे सांगायला कुणी नव्हतं.

चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलेला संवाद सांगते. पर्यावरणाची शपथ घ्यायला लावणारी पोरं आली होती, हातात मोबाइल. 'माझी वसुंधरा' अभियान महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर ते उभं आहे आणि त्यात ऑनलाइन शपथ घेण्याची सोय आहे. पोराने आलूबोंडा खाणाऱ्या एका काकाजींना विचारलं, "का जी, तुमचा कार्बन किती निघते, मालूम हाये का?" काकाजी रस्सा पुसत म्हणाले, "आमचा का निघन जी? आमच्या घरची लाईनच अर्धा दिवस गायब राह्यते."

मला सांगा, यापेक्षा निखळ शून्य कुठे सापडेल?

पण शून्याचा खरा हिशोब मांडायला बसलं की डोकं गरगरतं. कोळशाच्या एका युनिट विजेमागे, यंत्र कितीही नव्या 'सुपरक्रिटिकल' पद्धतीचं असलं तरी, ढोबळ मानाने ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तिरोड्याचे पाचही संच पूर्ण जोराने एक तास चालले, तर ३३ लाख युनिट वीज आणि त्यामागे सुमारे तीन हजार टन वायू. एक मोठं झाड वर्षाला साधारण २० किलो शोषतं, असं धरतात. म्हणजे या एका तासाचं पाप फेडायला दीड लाख झाडांना वर्षभर राबावं लागेल. आणि आपण काय करतो? वन महोत्सवाला पाच रोपं, पंधरा माणसं आणि एक फोटो. फोटोत माणसं ठळक दिसतात, रोप शोधावं लागतं.

बाहेरच्या जगात तर हे पाप फेडण्याचा रीतसर बाजार भरतो. तिकडची कंपनी धूर सोडते आणि इकडे कुणी तरी चूल बदलली, झाडं लावली, पवनचक्की उभी केली की त्याचे 'क्रेडिट' विकत घेऊन म्हणते, झालो आम्ही शून्य. याला आपल्याकडे फार जुनी म्हण आहे: एकादशी आणि दुप्पट खाशी. माझ्या आत्याबाई अजून सकाळी चुलीवर पाणी तापवतात. सुधारित चुलीचे क्रेडिट परदेशात विकले जातात हे त्यांना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी चुलीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "मंग पैसे कोनाले भेटते?" फार गैरसोयीचा प्रश्न. त्याहून गैरसोयीची गोष्ट बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये मांडली: चुलींच्या ज्या प्रकल्पांची त्यांनी तपासणी केली, त्यांनी प्रत्यक्ष वाचवलेल्या कार्बनच्या सुमारे नऊ पट क्रेडिट वाटून टाकले होते. नऊ पट! आमच्या बाजारात मापाला एवढं पाप केलं तर दुकानाला कुलूप लागेल.

आणि बांबूचं प्रकरण ऐकलंत का? अहो, तो बांबू इतकी वर्षं सरकारदरबारी झाड म्हणून वावरत होता. वनस्पतिशास्त्र कंठरवाने सांगत होतं की हे गवत आहे, पण १९२७ चा भारतीय वन कायदा ऐकायला तयार नव्हता. झाड म्हटलं की तोडायला परवाना, न्यायला पास, मधे नाका, नाक्यावर साहेब. २०१७ च्या नोव्हेंबरात अध्यादेश निघाला आणि वनाबाहेर वाढलेला बांबू एका रात्रीत झाडाचं गवत झाला. त्याआधी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्काच्या जोरावर आपला बांबू आपणच विकायचा हट्ट धरला होता. २०११ च्या एप्रिलमध्ये त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावात जाऊन वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं, तेव्हा कुठे गाडी हलली. आता त्याच बांबूचा एवढा थाट वाढलाय की शेतकरी नेते पाशा पटेल गावोगाव फिरून सांगतात, बांबू लावा, कोळशाच्या जागी बांबू जाळा. औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधनाच्या कांड्या मिसळाव्यात, असं केंद्राचं धोरणही २०२१ मध्ये ठरलं. म्हणजे ज्या गवताला काल नाक्यावर अडवत होते, त्याला आज भट्टीपर्यंत वाजतगाजत न्यायचं! मला यातला अपमान आणि मान दोन्ही कळत नाहीत, पण एक कळतं: बांबू तोच होता, बदललं ते कलम.

आता खरी खमंग गोष्ट. कानात सांगते, कारण यात आपलीच इज्जत आहे. आपलं धानही सोवळं नाही हो!

गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे त्याच्या कुळाला नावं ठेवण्यासारखं. पण बांधीत पाणी साचून राहिलं की चिखलाला हवा मिळत नाही. हवेविना जगणारे जिवाणू तिथे तणस, मुळं, शेणखत कुजवतात आणि त्यातून मिथेन निघतो. तो धानाच्या पोकळ काडीतून, जणू आपल्यासाठीच नळ बसवला आहे अशा थाटात, वर हवेत येतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांना हे सांगायला जाऊ नका; हातातल्या पऱ्ह्याची जुडी फेकून मारतील, आणि मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

यावर फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने काढलेला उपाय फारच साधा आहे, म्हणून तर तो मोठ्या सभांत कमी गाजतो. भोकं पाडलेला पाइपचा तुकडा बांधीत रोवायचा. पाणी जमिनीखाली पंधरा सेंटीमीटर उतरेपर्यंत थांबायचं, मग पुढचं पाणी द्यायचं. धान फुलोऱ्यात असताना मात्र पाणी राखायचं. मधल्या काळात चिखलाला हवा लागते, जिवाणूंचा धंदा बसतो, मिथेन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटतो, पाणीही वाचतं आणि उत्पन्नाला सहसा धक्का लागत नाही. व्हिएतनामने मेकाँगच्या खोऱ्यात २०३० पर्यंत दहा लाख हेक्टरवर असं कमी धुराचं भात घ्यायची योजना २०२३ मध्ये जाहीरही केली.

मग आपलं घोडं कुठे अडलं? पावसाळ्यात आभाळाला कोण सांगणार, आता थांब, पाइपात बघू दे? ते सोडून द्या. पण उन्हाळी धानात हे जमण्यासारखं आहे. तिथे पाणी आपल्या हातात असतं, निदान असायला हवं. कालव्याचं पाणी पाळीने येतं. आज सोडलं तर पुढची पाळी कधी, याची खात्री नसलेला शेतकरी बांधी कोरडी ठेवेल कशाला? मिळालं तेवढं भरून घेईल. विजेच्या पंपाचंही तेच. लाईन रात्री येणार असेल तर तो बटण चालू ठेवून झोपेल आणि सकाळी बांधी तुडुंब असेल. मिथेन धानातून निघतो हे खरं, पण तो निघतो वेळापत्रकातून हेही तितकंच खरं. आणि धोरण काय बक्षीस देतं? २०२४-२५ च्या हंगामात राज्याने धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये बोनस जाहीर केला, दोन हेक्टरांपर्यंत. चांगलं केलं, धानाचा भाव कुठे परवडतो? पण तो मोजला जमिनीवर. पाणी आठ दिवस थांबवलं म्हणून कुणाला चार आणे जास्त मिळाले असं मी तरी ऐकलं नाही. हेक्टरी बोनसाच्या कागदावर एक रकाना पाण्याचा वाढवला, तर त्या पाइपच्या तुकड्याला भाषणाची गरज पडणार नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली आहे. दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. हे बरं पाऊल. फक्त एक धाक वाटतो: सूर्य फुकट, म्हणून पाणीही फुकट समजून दिवसभर उपसा सुरू राहिला, तर कार्बन वाचेल आणि विहीर आटेल.

म्हणजे सगळंच थोतांड, असं म्हणतेय का मी? छे हो. थोतांड शपथेत आहे. बाकी जिथे पैशाचं गणित फिरवलं, तिथे गुपचूप चमत्कार झालेत आणि त्यावर कुणी चर्चा करत नाही, कारण त्यात चघळायला काही नाही.

एलईडी दिव्याचंच घ्या. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक दिवा ३१० रुपयांना पडत होता. एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकत्र मागणी काढली, जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना आली आणि २०१६ मध्ये तोच दिवा ३८ रुपयांवर उतरला. अनुदानाने नव्हे, घाऊक खरेदीने. साठ वॅटचा पिवळा गोळा काढून नऊ वॅटचा पांढरा लावायला आत्याबाईंनी कुठलीही शपथ घेतली नाही. बिल कमी आलं, एवढं त्यांना पुरलं.

सूर्याची कथा तर आणखी चावट. जर्मनीने २००० साली कायदा केला की जो कुणी सौर वीज बनवेल, त्याची वीज ठरलेल्या चढ्या भावाने घ्यायचीच. जर्मन ग्राहकांनी वर्षानुवर्षं बिलात जास्त पैसे भरले, त्या मागणीवर चीनने कारखाने उभारले आणि पॅनेल जगभर स्वस्त झाले. आपण २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन काढलं तेव्हा निविदांत सौर युनिट बारा रुपयांच्या आसपास होतं. २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याला २ रुपये ४४ पैसे. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे! एवढ्या पैशात टपरीवर कटिंगसुद्धा मिळत नाही. पाहा, जर्मनांनी आपल्या खिशातून भरलेल्या पैशांवर आमच्या तिरोड्याच्या छपरावर पॅनेल चढतायत. 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी ते बसवलं आणि आता त्या बिल आल्यावर शेजारणीला मुद्दाम हाक मारून दाखवतात. मला हा दिखाऊपणा मान्य आहे. यातून काही तरी घटतं तरी.

इंग्लंडने काय केलं ते ठाऊक आहे? १८८२ मध्ये लंडनच्या होलबॉर्न व्हायाडक्टला कोळशावरचं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू करणारा देश. त्यांनी २०१३ पासून वीजकेंद्रांच्या कार्बनला किमान किंमत लावली. २०१२ मध्ये तिथली सुमारे चाळीस टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफचं, कोळशावरचं शेवटचं केंद्र बंद झालं. त्यांच्याकडे वायू होता, समुद्रातला वारा होता, आणि भारताएवढी तहानलेली मागणी नव्हती. म्हणून त्यांचा कित्ता जसाच्या तसा गिरवा असं मी म्हणणार नाही. आपण ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये २०७० साली शून्यावर येण्याचा वायदा केला आहे. त्या वेळी हा लेख वाचणारे निम्मे आणि लिहिणारी नक्कीच नसणार, त्यामुळे वायदा करायला सोपा.

पण एक ऐका आणि मग तुम्हीच तोंडावर हात ठेवा. २०२३ च्या जूनमध्ये केंद्राने देशाची स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद अशा उद्योगांना टनामागे किती वायू सोडायचा याची मर्यादा. कमी सोडला तर क्रेडिट, जास्त सोडला तर विकत घ्या. झकास. पण देशात सगळ्यात जास्त धूर ज्यांचा, ती औष्णिक केंद्रं सुरुवातीच्या यादीत नाहीतच! चीनने २०२१ मध्ये आपला बाजार उघडला तो नेमका वीजकेंद्रांपासून. आणि आपल्याकडे घरचा कर्ताच हिशोबाच्या वहीबाहेर.

पोलादाला मात्र आता तारे मिळतात, बरं का. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हिरव्या पोलादाची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांहून कमी वायू सोडला तर ते हिरवं, १.६ च्या खाली गेलं तर पाच तारे. कारण युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खतांवर कार्बनची किंमत वसूल करायचं ठरवलं. शेजारच्या गडचिरोलीतसुद्धा हिरव्या पोलादाची भाषा सुरू झाली ती निसर्गप्रेमाच्या उमाळ्याने नव्हे. गिऱ्हाईक पैसे कापेल, या भीतीने. भीती असो, घटतंय ना?

धोरण नेटाने वापरलं तर काय होतं आणि कुठे अडतं, याचा आमच्याच घरचा दाखला आहे. तिरोड्याच्या या प्रकल्पासाठी ताडोब्याजवळची लोहाराची कोळसा खाण ठरली होती. वाघाच्या जंगलाला लागून म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ती होऊ दिली नाही. वाघ वाचला, खाण गेली. प्रकल्प मात्र दुसरीकडून कोळसा आणून उभा राहिला. आणि गंधकाच्या धुराला आवर घालणारं यंत्र सगळ्या केंद्रांनी २०१७ पर्यंत बसवावं, असा नियम २०१५ मध्ये निघाला होता. मुदती वाढत वाढत २०२५ च्या जुलैत देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. दहा वर्षं ज्याची तारीख पुढे सरकते, त्या नियमाची जरब कारखानदाराला किती, हे टपरीवरच्या काकाजींनाही कळतं.

म्हणून माझा निकाल ऐका. बक्षीस मिळालं, छान झालं, बेल्याचंही कौतुक. साताऱ्याच्या मान्याचीवाडीने तर अख्खं गाव सौर केलं, तेही उत्तम. पण गावाच्या वेशीपर्यंत शून्य आणि वेशीबाहेर तासाला तीन हजार टनांपर्यंत, हा हिशोब तालुक्याच्या एकाच पानावर मांडल्याशिवाय मला तरी ढोल वाजवावासा वाटत नाही. पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागा: कालव्याच्या पाळीचं पक्कं वेळापत्रक, पंपाला दिवसा वीज, आणि औष्णिक केंद्रं कार्बनच्या बाजारात कधी येणार याचं उत्तर मागणारा ठराव. आणि शपथ घ्यायला लावणारी पोरं दारी आली तर चहा जरूर द्या, फक्त सही करण्याआधी त्यांच्या संस्थेचं वीजबिल बघायला मागा.